विश्लेषण : सीईटीत चांगले पर्सेंटाइल, तरी 'एम-वन'मध्ये केटी का? इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित समजून घ्या

बारावीला गणितात चांगले गुण, सीईटीला ९०च्या पुढे पर्सेंटाइल आणि मनासारख्या शाखेत प्रवेश. घरी पेढे वाटून झालेले असतात. मग पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि 'इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स-१' या विषयासमोर 'एफ' दिसतो. 'एम-वन राहिला' हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये कानावर पडते.

बारावीपर्यंत गणितात हुशार समजला जाणारा विद्यार्थी सहा महिन्यांत एकदम कच्चा कसा होतो? पहिल्या वर्षाचे गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्री खरेच इतके अवघड आहे का? कॉम्प्युटर शाखा घेतलेल्याला केमिस्ट्री कशाला? आणि हे विषय नीट सुटावेत यासाठी अभ्यास कसा करायचा? या प्रश्नांची उत्तरे पाहू.

पहिल्या वर्षात नेमके काय शिकवतात?

शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षाचा मोठा भाग बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. गणिताचे दोन पेपर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत एम-वन आणि एम-टू. एका सेमिस्टरला फिजिक्स, दुसऱ्याला केमिस्ट्री. जोडीला मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग आणि वर्कशॉप.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात पदवीच्या १६० क्रेडिटपैकी २५ क्रेडिट मूलभूत विज्ञान आणि गणिताला होते. त्यातला मोठा वाटा पहिल्याच वर्षात येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अनेक विद्यापीठांनी अभ्यासक्रम बदलले, विषयांची नावे आणि क्रेडिटही बदलले. तरी गाभा फारसा बदललेला नाही.

गणितात साधारणपणे मीन व्हॅल्यू थिअरम, टेलर सिरीज, पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, डिफरन्शियल इक्वेशन, बीटा-गॅमा फंक्शन आणि मल्टिपल इंटिग्रल हे घटक असतात. पुण्यात फोरियर सिरीज पहिल्या वर्षात येते, तर मुंबईत कॉम्प्लेक्स नंबरवर भर दिसतो. फिजिक्समध्ये इंटरफेरन्स, लेसर, ऑप्टिकल फायबर, क्वांटम मेकॅनिक्स आणि सेमीकंडक्टर. केमिस्ट्रीत पाण्याचा जडपणा, पॉलिमर, इंधने आणि गंज.

यादी नीट पाहिली तर लक्षात येईल, की निम्म्याहून अधिक नावे अकरावी-बारावीत भेटलेली आहेत. म्हणजे सगळी अडचण नव्या विषयांची नाही.

बारावीत चांगले गुण होते, मग अडते कुठे?

पहिला घोळ पर्सेंटाइल समजून घेण्यात होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हे. परीक्षा देणाऱ्या सुमारे ९० टक्के मुलांच्या तुम्ही बरोबरीने किंवा पुढे आहात, एवढाच त्याचा अर्थ. तुमचे गणित किती पक्के आहे, हे पर्सेंटाइल सांगत नाही. इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात, तेवढेच ते सांगते.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या रचनेची. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे कोणी डोळे झाकून सगळे पर्याय निवडले, तरी सरासरीने १२-१३ उत्तरे बरोबर येतील आणि १०० पैकी २५ च्या आसपास गुण मिळतील.

अशा परीक्षेसाठी दोन वर्षे तयारी करताना विद्यार्थी एक कौशल्य फार चांगले शिकतात, ते म्हणजे उत्तर ओळखण्याचे. डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्याऐवजी चार पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह काढून कोणता बसतो ते पाहायचे. चलाच्या जागी शून्य किंवा एक ठेवून तीन पर्याय बाद करायचे. क्लासमध्ये याला 'शॉर्टकट' म्हणतात. सीईटीपुरते त्यात काही गैर नाही. वेळच तेवढा असतो.

विद्यापीठाच्या पेपरमध्ये मात्र हे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही. तिथेही काही गुण बहुपर्यायी प्रश्नांना असू शकतात. पण मोठे गुण असतात ते कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेल्या उत्तराला. सुरुवात कुठून करायची, कोणती पद्धत लावायची आणि मधली पायरी चुकली तर ती कशी ओळखायची, हे सगळे स्वतः ठरवावे लागते. सीईटीच्या तयारीत याचा सराव जवळपास होतच नाही.

तिसरे कारण वेळेचे. कॅप फेऱ्या लांबल्या की उशिराच्या फेरीत प्रवेश मिळालेला विद्यार्थी वर्गात बसतो, तेव्हा पहिले युनिट शिकवून झालेले असते. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात सत्राच्या मध्यावरची 'इनसेम' ३० गुणांची आणि शेवटची 'एंडसेम' ७० गुणांची होती. इनसेम पहिल्या दोन युनिटवर. म्हणजे ज्या विद्यार्थ्याचे सुरुवातीचे तीन आठवडे हुकले, त्याचे नेमके त्या ३० गुणांचे नुकसान होते.

फरक एका चहाच्या कपात

हा फरक समजून घ्यायला एम-टूमधले न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाचे एक गणित घेऊ. खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. कपातला चहा ९० अंशांवर आहे. ५ मिनिटांनी तो ७० अंशांवर आला. तो ५० अंशांवर यायला सुरुवातीपासून किती वेळ लागेल?

घाईत येणारे उत्तर १० मिनिटे. ५ मिनिटांत २० अंश उतरले, मग आणखी २० अंशांना आणखी ५ मिनिटे. पर्यायांत १० हा आकडा असेल तर अनेक जण तोच निवडतील. आणि तो चुकीचा आहे.

चहा किती वेगाने निवतो, हे त्याच्या आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर ठरते. सुरुवातीला हा फरक ६० अंश होता. ५ मिनिटांनी तो ४० झाला, म्हणजे दोन तृतीयांश उरला. पुढच्या ५ मिनिटांत तो पुन्हा दोन तृतीयांशच होणार. ४० चे २६.७. म्हणजे १० मिनिटांनी चहा सुमारे ५६.७ अंशांवर असेल, ५० वर नाही. १५ मिनिटांनी फरक १७.८ उरेल आणि चहा ४७.८ अंशांवर येईल. म्हणजे उत्तर १० आणि १५ मिनिटांच्या मध्ये कुठेतरी आहे. समीकरण पूर्ण सोडवले की ते सुमारे साडेतेरा मिनिटे येते.

विद्यापीठाच्या पेपरमध्ये यासाठी पाच पायऱ्या लिहाव्या लागतात. नियम मांडणे, त्यावरून डिफरन्शियल इक्वेशन लिहिणे, इंटिग्रेशन करून कॉन्स्टंट ठेवणे, दिलेल्या दोन तापमानांवरून कॉन्स्टंट काढणे आणि शेवटी वेळ काढणे. शेवटचा आकडा चुकला तरी आधीच्या पायऱ्यांना गुण मिळतात. उलट नुसता 'साडेतेरा मिनिटे' असा आकडा लिहिला तर फारसे काही हाती लागत नाही.

हेच समीकरण पुढे अनेकदा भेटते. इलेक्ट्रिकलमध्ये रेझिस्टरमधून डिस्चार्ज होणारा कपॅसिटर, फिजिक्समधला किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास, रक्तातून हळूहळू कमी होणारे औषध. नावे बदलतात, समीकरणाचा साचा तोच राहतो. एकदा चहा नीट समजला की बाकीची गणिते वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

या विषयांचा पुढे उपयोग काय?

'हे कुठे वापरणार?' हा प्रश्न पहिल्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी विचारतो. उत्तर बहुतेकांना तिसऱ्या वर्षात मिळते, तोवर उशीर झालेला असतो. काही उदाहरणे पाहू.

मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यू : गुगलच्या सर्च इंजिनची सुरुवात ज्या 'पेजरँक' पद्धतीने झाली, ती सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडली. कोणते वेबपेज किती महत्त्वाचे, हे ठरवण्यासाठी त्यात एका प्रचंड मोठ्या मॅट्रिक्सचा आयगेन व्हेक्टर काढला जातो. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला हीच आयगेन व्हॅल्यू इमारत भूकंपात कोणत्या वारंवारितेने हलेल, हे काढताना लागते.

पार्शल डिफरन्सिएशन : सध्या सगळ्यांना शिकायचे असलेले मशिन लर्निंग याच्यावरच उभे आहे. मॉडेलची चूक कमी करण्यासाठी प्रत्येक घटक किती आणि कोणत्या दिशेने बदलायचा, हे पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि चेन रूलने ठरते. एम-वनमधला चेन रूल ऑप्शनला टाकलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षात 'बॅकप्रोपगेशन' शिकताना पुन्हा तिथेच अडतो.

फोरियर सिरीज : जोसेफ फोरियर यांनी १८२२ मध्ये उष्णता कशी पसरते यावरच्या ग्रंथात ही कल्पना विस्ताराने मांडली. कुठलाही गुंतागुंतीचा सिग्नल साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो, हा तिचा गाभा. फोनमधला जेपीईजी फोटो आणि एमपीथ्री गाणे याच कुळातल्या गणिताने लहान केलेले असते.

फिजिक्स : ऑप्टिकल फायबरच्या काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-पुणे हे सुमारे १५० किलोमीटरचे अंतर तो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात कापतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये रोटर नेमका कुठे आहे, हे अनेकदा हॉल सेन्सर सांगतो. तो हॉल इफेक्ट फिजिक्सच्या सेमीकंडक्टर युनिटमध्येच असतो. निळ्या एलईडीसाठी २०१४ चे फिजिक्सचे नोबेल मिळाले. तो एलईडी कळायला सेमीकंडक्टरचे एनर्जी बँड कळावे लागतात.

केमिस्ट्री : सर्वाधिक टीका या विषयावर होते. पण बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरातल्या गिझरच्या कॉइलवर साचलेला पांढरा थर आठवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. पाण्याचा जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल, तर हजार लिटरच्या टाकीत अर्धा किलो कॅल्शियम कार्बोनेटइतके क्षार विरघळलेले असतात. हेच पाणी कारखान्याच्या बॉयलरमध्ये गेले तर काय होईल, हे सांगण्यासाठी प्रॅक्टिकलमधले ईडीटीए टायट्रेशन असते. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ मध्ये नोबेल मिळाले, तेही केमिस्ट्रीचेच.

'गेट' परीक्षेतही बहुतेक प्रमुख शाखांच्या पेपरमध्ये १०० पैकी सुमारे १३ गुण इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्सला असतात. त्यातला बराच भाग एम-वन आणि एम-टूमधला असतो.

गणिताशिवाय इंजिनीअरिंग शक्य आहे का?

हा वाद २०२१ मध्ये पेटला होता. एआयसीटीईच्या २०२१-२२ च्या नियमपुस्तिकेत पदवी प्रवेशासाठी १४ विषयांची यादी देऊन त्यातले कोणतेही तीन पुरेसे असल्याचे म्हटले होते. त्यामुळे बारावीत गणित किंवा फिजिक्स नसतानाही प्रवेशाची वाट खुली होते का, यावर देशभर चर्चा झाली. टीकेनंतर अनेक शाखांसाठी गणिताचे महत्त्व कायम असल्याचा खुलासा परिषदेने केला. वेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी ब्रिज कोर्सचाही मुद्दा पुढे आला.

मथितार्थ असा, की प्रवेशाच्या नियमात सूट मिळू शकते, अभ्यासक्रमात मिळत नाही. दारात अडवले नाही म्हणून पुढचे गणित टळत नाही.

याचाच दुसरा अनुभव डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना येतो. त्यांनी पदवीचे एम-वन आणि एम-टू केलेले नसते. प्रॅक्टिकल आणि ड्रॉइंगमध्ये ते वर्गातल्या इतरांच्या पुढे असतात, पण अनेक शाखांत त्यांच्यासमोर थेट एम-थ्री येतो. त्यांनी दुसरे वर्ष सुरू होण्याआधी डिफरन्शियल इक्वेशन आणि इंटिग्रेशनची उजळणी केलेली बरी.

केटी लागली तर पुढे काय होते?

एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी. नियम विद्यापीठ आणि स्वायत्त कॉलेजनुसार वेगळे असतात. राज्यात अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. तिथे एम-वन लांबणीवर टाकत गेले तर दुसऱ्या वर्षानंतर 'इयर डाऊन' होण्याची वेळ येते. अनेक कंपन्या कॅम्पस मुलाखतीसाठी 'लाइव्ह बॅकलॉग नको' अशी अट घालतात, ते वेगळेच.

राहिलेला विषय चालू विषयांबरोबर द्यावा लागतो, हा खरा भार असतो. एम-वन राहिलेला विद्यार्थी पुढच्या सेमिस्टरमध्ये एम-टूचाही अभ्यास करत असतो. पाया कच्चा असताना वरचा मजला चढवण्यासारखे ते होते. म्हणून केटी लागली तर ती पुढच्या पहिल्याच संधीला सोडवणे महत्त्वाचे.

निकालानंतर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवण्याची सोय बहुतेक विद्यापीठांत असते. तिचा उपयोग फक्त गुण वाढवण्यासाठी नसतो. या प्रतिनिधीचीही पहिल्या सेमिस्टरला एम-वनमध्ये केटी लागली होती. पेपर तर बरा गेला होता. फोटोकॉपी हातात आल्यावर कळले, की निम्म्या प्रश्नांत सूत्र लिहून एकदम उत्तरावर उडी मारली होती आणि दोन मोठे प्रश्न मध्येच सोडून दिले होते. त्या अर्धवट प्रश्नांना मात्र लिहिलेल्या पायऱ्यांचे गुण मिळाले होते. पुढच्या वेळी तोच विषय सुटला, तो नवे काही शिकल्यामुळे नव्हे. प्रत्येक गणित शेवटच्या ओळीपर्यंत लिहायची सवय लावल्यामुळे.

मग अभ्यास कसा करायचा?

१. वाचू नका, लिहा. सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि 'आपल्याला येते' असे वाटते. वही बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर उतरवले की खरे कळते. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात हेच दिसले. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. यूट्यूबवर तासभर लेक्चर पाहणे हेही वाचण्यासारखेच. व्हिडिओ थांबवून पुढची पायरी आधी स्वतः लिहा, मग पुढे पाहा.

२. रोज पाच गणिते. आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच, असे १४ आठवडे केले तर सेमिस्टरमध्ये ३५० गणिते होतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एवढी करणे कोणालाच शक्य नसते. ज्या दिवशी तास झाला, त्याच दिवशी बसलात तर निम्म्या वेळात होतात.

३. बारावीची तीन प्रकरणे पुन्हा करा. त्रिकोणमितीची सूत्रे, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन. पहिल्या वर्षातल्या बऱ्याच चुका नव्या विषयात होत नाहीत, या जुन्या ठिकाणी होतात. कॉलेज सुरू होण्याआधीचे किंवा सुरुवातीचे दोन आठवडे यासाठी पुरतात. उशिरा प्रवेश झाला असेल तर हुकलेल्या युनिटची वही पहिल्याच दिवशी मिळवा.

४. उत्तर तपासायची सवय लावा. पेपरमध्ये पर्याय नसतात, त्यामुळे तपासणी आपणच करायची. उदाहरणार्थ, पहिल्या ओळीत ४ आणि १, दुसऱ्या ओळीत २ आणि ३ असलेल्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू ५ आणि २ येतात. दोघींची बेरीज ७. मुख्य कर्णावरच्या ४ आणि ३ ची बेरीजही ७. गुणाकार १० आणि डिटरमिनंट १२ वजा २, म्हणजे १०. दहा सेकंदांत खात्री होते. इंटिग्रेशनचे उत्तर पुन्हा डिफरन्शिएट करून पाहा. फिजिक्सच्या उत्तराचे एकक तपासा.

५. फिजिक्स-केमिस्ट्रीत आकृतीपासून सुरुवात करा. लेसर, बॉम्ब कॅलरीमीटर किंवा हॉल इफेक्टची आकृती न पाहता काढता आली आणि प्रत्येक भाग काय करतो हे सांगता आले, तर थिअरीचे उत्तर आपोआप तयार होते. डेरिव्हेशन पाठ करू नका. प्रत्येक ओळीतून पुढची का आली, हे एका वाक्यात समासात लिहून ठेवा.

६. 'आयएमपी'वर विसंबू नका. आदल्या रात्री ग्रुपवर फिरणारी महत्त्वाच्या प्रश्नांची यादी थोडाफार हात देते. पण गणितात आकडा किंवा फंक्शन बदलले की पाठ केलेले उत्तर निरुपयोगी ठरते. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे जास्त उपयोगाचे.

७. दोन पुस्तके पुरेत. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे लिहिलेले एक लोकल ऑथरचे आणि संकल्पनेसाठी ग्रेवाल किंवा क्रेझिग यांच्यासारखे एक. दोन्ही कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतात. लेक्चर हवी असतील तर एनपीटीईएल आणि स्वयम ही सरकारी व्यासपीठे मोफत आहेत. लिनिअर अल्जेब्रा डोळ्यांपुढे उभे राहण्यासाठी 'थ्री ब्लू वन ब्राउन' हे यूट्यूब चॅनेल पाहता येईल.

इंग्रजीची अडचण असेल तर?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना अकरावीतच इंग्रजी शब्दांची पहिली ठेच लागलेली असते. पहिल्या वर्षात ती पुन्हा लागते, विशेषतः फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या वर्णनात्मक उत्तरांत. एआयसीटीईच्या 'ई-कुंभ' पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत उपलब्ध आहेत. संकल्पना मराठीतून समजून घ्यायची आणि उत्तर साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायचा सराव करायचा, हा मार्ग अनेकांना जमतो. गणिताच्या पेपरमध्ये भाषा फार थोडी लागते, हेही लक्षात ठेवा.

जबाबदारी फक्त विद्यार्थ्याची का?

तशी ती नाही. १२० जणांच्या वर्गात फळ्यावर एकामागून एक गणित उतरवत गेले, की मागच्या बाकांवरचे विद्यार्थी फक्त लिहून घेतात. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ संशोधनांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. फक्त व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. वर्गातच प्रश्न सोडवणे, गटात चर्चा करणे अशा पद्धतींनी शिकणाऱ्यांत ते सुमारे २२ टक्के होते. विषय तेच होते, शिकवण्याची पद्धत बदलली होती.

आपल्याकडे यासाठी वेळापत्रकात ट्युटोरियलचा तास आधीपासून आहे. तो छोट्या बॅचमध्ये, विद्यार्थ्यांनी स्वतः गणिते सोडवण्यासाठी असतो. अनेक ठिकाणी तो असाइनमेंट उतरवून सही घेण्याचा तास झाला आहे. प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात बारावीच्या गणिताची छोटी चाचणी घेतली आणि अडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ट्युटोरियलचा तास खरोखर वापरला, तर पैसे न खर्च करता बरेच काही सुधारेल. ट्युटोरियलमध्ये हात वर करून 'ही पायरी कळली नाही' असे विचारणे मात्र विद्यार्थ्याच्या हातात आहे.

पालकांनी काय लक्षात घ्यावे?

पहिल्या सेमिस्टरला एखादा विषय राहणे ही गंभीर बाब आहे, पण तो मुलाच्या बुद्धीचा निकाल नव्हे. परीक्षेची पद्धत बदलली आणि अभ्यासाची पद्धत अजून बदललेली नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. अनेक मुले वसतिगृहात राहतात आणि केटीची गोष्ट घरी महिनोन्‌महिने लपवतात. 'बारावीला तर एवढे होते, आता काय झाले?' असे विचारण्यापेक्षा 'उत्तरपत्रिका मागवली का? काय दिसले?' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

मूल गप्प राहू लागले, झोप किंवा जेवण बिघडले, तर थांबू नये. कॉलेजच्या समुपदेशकाशी बोलावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

नव्या विद्यार्थ्यांना आज करण्यासारखी गोष्ट एकच. वर दिलेले चहाचे गणित एका कोऱ्या कागदावर, पर्याय न पाहता, पहिल्या ओळीपासून लिहायला घ्या. जिथे पेन थांबेल, तिथून तुमचा एम-टूचा अभ्यास सुरू होतो.